पन्नाशीजवळ आवाज उतरला. आता मी गायिका उरले का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४८ आहे, पंचवीस वर्षं गाण्यावरच घर चाललं, आणि आता तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, आवाज फाटतो म्हणून कार्यक्रम नाकारताय. गाणं गेलं तर मी कोण, असं विचारलंय. मी कोल्हापूरची, नाट्यपदं आणि भक्तिगीतं गाणारी. तीन वर्षांपूर्वी मी नेमकी इथेच उभी होते.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरतंतू तपासून घ्या. गाठ निघाली तर उपाय वेगळा असतो. माझी गाठ नव्हती, वयच होतं. पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन घटतं, स्वरतंतू कोरडे पडतात आणि आवाज थोडा जाड होऊन खाली येतो. हे कळायच्या आधी मी दोन वर्षं लपवत होते. प्रवासाचा शीण झालाय म्हणायचं, वरच्या जागा कोरसवर सोडायच्या, नाहीतर जोर लावून गायचं. त्या जोरानेच घशाचं जास्त नुकसान झालं.

माझी पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून गाते तो सूर, काळी चार; पेटीची चौथी काळी पट्टी. आमच्याकडे गायिकेची ओळख पट्टीसकट सांगतात, "काळी चारचा खडा आवाज आहे बघा." त्यामुळे पट्टी सोडणं म्हणजे नाव सोडणं वाटायचं. नवरात्रात अंबाबाईपुढच्या सेवेची तालीम होती. अठरा वर्षं साथ करणारे आमचे तबलजी खालच्या सुरातला एक जास्तीचा तबला घेऊन आले. म्हणाले, "ताई, रागावणार नसाल तर बोलतो. काळी तीनचा आणलाय. नुसतं एकदा लावून बघू." मी इतकी चिडले की त्यांना चहासुद्धा विचारला नाही. तीन दिवसांनी मीच फोन केला.

पण तबला बदलून भागत नाही, तानपुराही बदलावा लागतो. त्याच तारा, मधली पांढरी धरून, दोन पट्ट्या उतरवल्या की ढिल्या पडतात, बोलत नाहीत. म्हणून तानपुरा मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. कारागिराने वाद्य मांडीवर घेतलं आणि एवढंच विचारलं, "कुठल्या पट्टीत पाहिजे?" घरी, डॉक्टरांकडे, तबलजींसमोर जे तोंडातून निघालं नव्हतं ते तिथे बोलले, "काळी तीन." त्याने मान हलवली, जाड तारा चढवल्या आणि जव्हारीला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवायला, लागला. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मी मात्र बाहेरच्या पायरीवर बसून रडले. आपल्या शेजारी २५ वर्षं वाजलेलं वाद्य आपल्यासाठी खाली उतरतं, हे मला तेव्हा फार आधाराचं वाटलं.

थोर ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत गेला होता, हे तुम्हाला ठाऊक असेलच. परतला तो पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी वाट त्यांनी शोधली आणि १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारी ते कोल्हापुरात आले. आज जयपूर गायकी म्हणतो ती त्या शोधातून आलेली. गोविंदराव टेंबे पेटीवाले म्हणून नावाजलेले, तरी पन्नाशी गाठल्यावर १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले आणि चित्रपटाचं संगीतही त्यांनीच दिलं. त्यांच्याशी आपली तुलना नाही. पण त्यांच्याच गावात राहून मी दोन वर्षं उतरलेला आवाज लपवत बसले होते, याची मला अजून हळहळ आहे.

काही गेलं ते गेलंच. ताराला भिडणारी चार-पाच नाट्यपदं मी आता गात नाही, विद्यार्थिनींना देऊन टाकली. ऑगस्ट २०२४ मध्ये आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा वाटलं, ती पदं जिथे गायले तो मंचही गेला. त्या आठवड्यात तानपुरा उघडलाच नाही. पण खर्जात, खालच्या सुरांत, आता जे भरीव लागतं ते तिशीत कधी लागलं नव्हतं. संथ लयीतला विलंबित ख्याल पुन्हा शिकायला बसले आहे, माझ्याहून लहान गुरूंकडे.

कार्यक्रम नाकारू नका. पुढचा येईल तेव्हा तबलजींना आधी फोन करा आणि पट्टी तुमच्या तोंडाने सांगा. त्यांना बहुधा कधीच कळलेलं असेल.