किराण्यासोबत कापसाची खेडा खरेदी: जीएसटी नंबर लागतो का, आणि कोणता घ्यावा?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला: पांढरकवड्याजवळच्या गावात किराणा दुकान आहे, वर्षाची विक्री २४ लाखांच्या आसपास. दिवाळीनंतर गावातल्या शेतकऱ्यांचा कापूस घेता (यालाच खेडा खरेदी म्हणतात) आणि जिनिंगला, म्हणजे सरकी-रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याला देता. एक जण सांगतो, ४० लाखांच्या आत आहात, नंबरची गरज नाही. दुसरा सांगतो, कंपोझिशन (लहान व्यापाऱ्याने विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायची योजना) घ्या, एक टक्का भरा आणि मोकळे व्हा. मी या भागातल्या दुकानदारांचे हिशेब बरीच वर्षं पाहतो. माझं म्हणणं असं की ज्या पॅनवर कापूस घेता, त्या पॅनवर कंपोझिशन अजिबात घेऊ नका.

आधी ४० लाखांचं बघू. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे आणि ती निव्वळ माल विकणाऱ्यांसाठी. खानावळ, वेल्डिंग, मोबाइल दुरुस्ती असं काही सोबत असेल तर २० लाख धरायचे. मोजणी विक्रीची होते, नफ्याची नाही, आणि एका पॅनवरचे सगळे धंदे एकत्र मोजतात. सुट्या तूरडाळीवर, सुट्या तांदळावर कर नसला तरी त्यांची विक्रीही यात येते. तुमचे २४ लाख किराण्यात गेले, उरले १६. कापूस ७,५०० रुपये क्विंटल धरला तर २१३ क्विंटलला ते १६ लाख संपतात. क्विंटलमागे शंभर रुपये सुटले तर हातात आले एकवीस हजार, पण कायद्याच्या हिशेबात तुम्ही ४० लाखांच्या काठावर पोहोचलात. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो. स्वतःच्या शेतातल्या कापसाची गोष्ट वेगळी आहे, शेतकरी म्हणून त्याच्यासाठी नोंदणी लागत नाही. फक्त त्याची काटापट्टी (वजनाची पावती) वेगळी ठेवा, खरेदीच्या कापसात मिसळू नका.

पैनगंगेपलीकडे, म्हणजे तेलंगणात आदिलाबादच्या बाजूला, भाव बरा मिळाला म्हणून गाडी तिकडे दिली तर ४० लाखांचा आधारच राहत नाही. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर पहिल्या गाडीच्या आधी नोंदणी हवी, रक्कम कितीही लहान असो. शिवाय राज्याबाहेर ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती मर्यादा एक लाखाची आहे. (वरुड-मोर्शीकडून फक्त ताजी संत्री दिल्लीला पाठवणाऱ्याला हा नोंदणीचा नियम लागत नाही, कारण ताज्या फळांवर करच नाही. त्यांचं पाहून कापसाचं ठरवू नका.)

आता कंपोझिशन. १५ नोव्हेंबर २०१७ पासून नियम असा आहे की नोंदणी असलेल्या माणसाने शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर त्यावरचा ५ टक्के कर घेणाऱ्याने भरायचा. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. कंपोझिशनवाला त्यातून सुटत नाही. समजा १०० क्विंटल कापूस ७,५०० ने घेतला आणि ७,६०० ने विकला. खरेदी साडेसात लाख, त्यावर रिव्हर्स चार्ज ३७,५०० रुपये. नियमित नोंदणी असेल तर हे रोखीने भरायचे आणि त्याच रिटर्नमध्ये (कराच्या विवरणपत्रात) क्रेडिट घ्यायचं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करायचा. जिनिंगकडून ७,६०,००० वर ३८,००० कर घेता, त्यातून क्रेडिट वजा जाऊन ५०० भरायचे राहतात. खिशातून काही जात नाही. जिनिंगचा चुकारा (मालाचे पैसे) उशिरा आला तर तेवढे दिवस पैसा अडकतो, त्याची सोय आधी करून ठेवा. कंपोझिशनमध्ये मात्र ३७,५०० चं क्रेडिट नाही, बिलावर कर लावता येत नाही, आणि विक्रीवर एक टक्का म्हणजे ७,६०० आणखी. सुटले दहा हजार, भरले ४५,१००. राज्याबाहेर माल विकायलाही कंपोझिशनमध्ये बंदी आहे. तुम्हाला सल्ला देणाऱ्याने फक्त किराणा डोळ्यासमोर ठेवला असावा.

निव्वळ किराण्याला कंपोझिशन खरंच चांगलं आहे: दीड कोटीपर्यंत घेता येतं, करपात्र विक्रीवर १ टक्का, तिमाही संपली की पुढच्या १८ तारखेपर्यंत कर भरायचा सीएमपी-०८ फॉर्म आणि वर्षाचं रिटर्न जीएसटीआर-४ ३० जूनपर्यंत. पण राज्यातच विकणाऱ्या २४ लाखांच्या दुकानाला आज नंबरच लागत नाही. म्हणून वहिनी दुकान खरोखर सांभाळत असतील तर दुकान त्यांच्या पॅनवर, त्यांच्या बँक खात्यावर करा आणि कापसासाठी तुम्ही नियमित नोंदणी घ्या. खरेदी, पैसा, खातं सगळं वेगळं असेल तरच हे टिकतं. नुसतं नाव बदलून उपयोग नाही.

तुम्हाला कोणीतरी हेही सुचवेल की कापूस शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर घाला, म्हणजे त्याच्याच नावाने विका, म्हणजे नंबर नको. हे कृपा करून करू नका. माल तुमचा आणि चुकारा त्याच्या खात्यात, मग उद्या चौकशी झाली की उत्तर त्या गरीब माणसाला द्यावं लागतं. नोंदणी झाल्यावर शेतकऱ्याकडून घेतलेल्या मालाचं बिल तुम्हीच बनवायचं असतं. त्याला सातबाऱ्याची झेरॉक्स आणि काटापट्टी जोडून ठेवा.

पोर्टलवर नोंदणीला शुल्क नाही. दुकान वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि लाइट बिल किंवा ग्रामपंचायतीची कर पावती लागेल. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, भरून देणाऱ्याचा नाही. तुमच्या नंबरवर दुसऱ्याने बिलं फाडली तर नोटीस तुमच्या घरी येते. हंगाम संपला, पऱ्हाटी उपटली, तरी रिटर्न थांबत नाही. काहीच व्यवहार नसेल तर निरंक रिटर्न १४४०९ वर एसएमएसनेही भरता येतं. नाही भरलं तर निरंकला रोज २० रुपये आणि व्यवहार असेल तर रोज ५० रुपये विलंब शुल्क लागतं. तुमच्या उलाढालीला एका रिटर्नमागे ते अनुक्रमे ५०० आणि २,००० रुपयांवर थांबतं, पण असे सहा-आठ महिने साचले की लहान दुकानदाराला ते झेपत नाही.

जिनिंग पैनगंगेच्या अलीकडची की पलीकडची, आणि मागच्या हंगामात साधारण किती क्विंटल घेतला, एवढं लिहा. नोंदणी कोणत्या तारखेपासून लागते ते मग काढून देतो.