झाकलेल्या केंद्रकांचा अभ्यास आणि फोंड्याची विद्यार्थिनी

मा. महोदय,

सप्रेम नमस्कार. फोंड्याहून आलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकत असून तिला दीर्घिकांच्या सक्रिय केंद्रकांवर, म्हणजे त्यांच्या अतिशय तेजस्वी मध्यभागांवर, संशोधन करावयाचे आहे. परंतु त्यांतील पुष्कळशी दुर्बिणीतूनही दिसत नाहीत आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने आभाळच मोकळे नसते, तेव्हा तिने हा नाद सोडावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे, सोडू नये.

या केंद्रकात महाकाय कृष्णविवर, त्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी आणि तिच्याही बाहेर धूळ व वायूचे जाड कडे असते. आपली दृष्टिरेषा या कड्यातून जात असेल, तर दृश्य आणि अतिनील प्रकाश धूळ शोषून घेते. मात्र तीच धूळ तापून अवरक्त किरणे बाहेर टाकते, रेडिओ लहरी बहुतांशी अडत नाहीत आणि वायू फारच दाट नसेल तर उच्च ऊर्जेचे क्ष-किरणही आरपार येतात. दृश्य प्रकाशातही मार्ग निघतो. एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या साध्या वर्णपटात केंद्रकाच्या फक्त अरुंद रेषा दिसत. १९८५ साली अँटोनुची आणि मिलर या खगोलशास्त्रज्ञांनी तिचा ध्रुवीकृत प्रकाश, म्हणजे ज्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात तो प्रकाश, वेगळा काढून तपासला, तेव्हा कृष्णविवराजवळ वेगाने फिरणाऱ्या वायूच्या रुंद रेषा त्यात आढळल्या. दाराला पडदा असला तरी आतल्या दिव्याचा उजेड वरच्या छतावर पडून बाहेर कळावा, तसा कड्याच्या वरच्या मोकळ्या बाजूने निघालेला प्रकाश तेथील इलेक्ट्रॉनांवरून विखुरून, आणि त्यामुळेच ध्रुवीकृत होऊन, आपल्यापर्यंत पोहोचला होता. हा शोध मला आजही अतिशय सुंदर वाटतो, आणि तो आपल्या कन्येने मुळातून अभ्यासावा.

आता शिक्षणाविषयी. घरी दुर्बीण घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर असे की हौस म्हणून अवश्य घ्यावी, पण आधी बरा संगणक घ्यावा. कारण खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची आणि २०१५ साली प्रक्षेपित झालेल्या भारतीय खगोलशास्त्रीय उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅटची बरीच निरीक्षणे अभ्यासकांना इंटरनेटवरून मिळतात आणि त्यांच्यावर पावसाचा काही परिणाम होत नाही. तिने पायथन ही संगणकभाषा व संख्याशास्त्र आत्तापासून शिकावे, विद्युतचुंबकत्व आणि क्वांटम यामिकी पक्की करावी, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करावा. एम.एस्सी. गोवा विद्यापीठातूनही करता येईल. आयआयटीतून करावयाची असल्यास जॅम आणि पुढे पीएच.डी.साठी जेस्ट किंवा नेट या परीक्षांची तयारी मात्र वेळीच सुरू करावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक