'स्पिरिटेड अवे' नऊ वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

'स्पिरिटेड अवे' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट बघून तुमची नऊ वर्षांची मुलगी घाबरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी तो गेल्या महिन्यात माझ्या दहा वर्षांच्या लेकीला दाखवला. आवाज जपानीच ठेवला आणि खालची इंग्रजी वाक्यं मराठीत सांगत गेले. तिचंच मत सांगते, कारण दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी 2001 चा हा चित्रपट ओळखीतल्या दहा वर्षांच्या मुली डोळ्यांसमोर ठेवूनच केला होता.

घाबरली ती एकदाच. चित्रपटातल्या मुलीचे, चिहिरोचे आईबाबा समोर दिसेल ते खात सुटतात आणि त्यांची डुकरं होतात, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. काही जणांना गिळून टाकणारा तो मुखवटेवाला मात्र तिला बिचारा वाटला. "त्याला कुणी खेळायलाच घेत नाही गं." चिहिरोला मदत करणारा मुलगा, हाकू, रक्तबंबाळ होतो तेव्हा तेवढं शेजारी बसा.

चिहिरो काम करते त्या देवांच्या न्हाणीघरात चिखलाने बरबटलेला, घाण वास मारणारा एक पाहुणा येतो. त्याच्या अंगात रुतलेली सायकल सगळे मिळून ओढतात, मागून ढीगभर कचरा बाहेर पडतो आणि कळतं, ही तर नदी! आम्ही पुण्यात नारायण पेठेत राहतो, मुठा नदीवरच्या झेड ब्रिजवरून रोजचं जाणं-येणं. लेक ताडकन उठून बसली, "आई, ही आपली मुठा!" मियाझाकींनी स्वतः नदी साफ करताना अशी सायकल निघालेली पाहिली होती, हे तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुलावर तिने मला गाडी थांबवायला लावली आणि कितीतरी वेळ खाली बघत राहिली.

तिची तक्रार शेवटाबद्दल आहे. चिहिरो काम मागून मिळवते, न्हाणीघराच्या मालकिणीने हिरावलेलं नाव परत मिळवते, आईबाबांना सोडवते. आणि परतताना आई तिला सुरुवातीला म्हणाली होती तेच म्हणते, इतकी चिकटू नकोस, मी पडेन. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं सगळं केलं तिने, आणि आईला काहीच माहीत नाही!"

मी म्हटलं, सांगेल की ती. यावर लेक काही बोलली नाही.

रात्री अंथरुणात तिने सांगितलं. गेल्या वर्षी आम्ही तिची शाळा बदलली, तेव्हा पहिले पंधरा दिवस ती जिन्यात एकटी बसून डबा खायची. डबा रोज रिकामा यायचा, म्हणून मी निर्धास्त होते.