केमोच्या तारखेआधी

प्रिय मुली,

कॅन्सरच्या उपचाराआधी स्त्रीबीजं आणि वीर्य गोठवून ठेवणाऱ्या आपल्या पुण्याच्या क्लिनिकात सोमवारपासून तू व्हिडिओ कॉलच्या टेबलावर बसणार. समोर पुण्यातले पेशंट कमी. नांदेड, धाराशिव, नंदुरबारचे जास्त. हातात बायॉप्सीचा रिपोर्ट, केमोची तारीख ठरलेली, आणि पुढे मूल होण्याचं काय, हे बहुतेकांशी कुणी बोललेलंच नसतं.

म्हणून नाव-गाव झालं की आधी विचार: केमो कधी सुरू होणार, औषधं कोणती? सगळी औषधं सारखी नसतात; सायक्लोफॉस्फमाइडसारखी अंडाशयाला जास्त इजा करतात. आपल्या डॉक्टरांचं त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलणं त्याच दिवशी करून दे. निरोप्याचं काम पेशंटच्या गळ्यात घालू नकोस. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यासाठी पाळीची वाट बघायची गरज नसते, बीजं वाढवायची इंजेक्शनं केव्हाही सुरू करता येतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन आणि केमोच्या मध्ये तेवढे दिवस बऱ्याचदा मिळतात, आणि लेट्रोझोल हे औषध देऊन इस्ट्रोजेन (काही स्तनांच्या कॅन्सरला पोसणारं स्त्री-संप्रेरक) आटोक्यात ठेवतात. रक्ताच्या झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये मुलीकडे दोन आठवडे नसतात. तिथे केमो लांबवायचा विषयही काढू नकोस.

तरुण मुलग्यांचं काम, म्हणजे वीर्य गोठवणं, एका दिवसात होतं, तरी तेच जास्त निसटतं. कारण लाज. "नमुना कुरिअरने पाठवला तर चालेल का?" असं विचारतील. हसू नकोस, नीट सांग: वीर्याचा नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो. नांदेडच्या मुलाला छत्रपती संभाजीनगरात वीर्य साठवणारी, नोंदणी असलेली बँक मिळत असेल तर तिकडेच पाठव, पुण्यात वाकडेवाडीच्या स्टँडपर्यंत कशाला आणायचं? (हा परिच्छेद मॅनेजरना दाखवू नकोस.)

मुलींना पुण्यात यावंच लागतं. सोनोग्राफी आणि बीजं काढणं फोनवर होत नाही. पण एएमएचसाठी (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी तपासणी) रक्त गावातच देता येतं, आणि पोटावर इंजेक्शन टोचायला तू व्हिडिओवर शिकवू शकतेस. घरी फ्रीज आहे का, वीज किती जाते, हे आधी विचार. काही इंजेक्शनं २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. आणि पैशांचं त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. गोठवण्याचा खर्च वेगळा आणि साठवणुकीचे दरवर्षीचे पैसे वेगळे, हे पहिल्याच कॉलला सांग.

आता खरी अवघड गोष्ट. मोबाइलच्या चौकटीत तुला एकच चेहरा दिसेल, पण पलंगावर काका, दारात आत्या, मागे टीव्ही. त्यात एकोणीस वर्षांच्या मुलाला वीर्याबद्दल काही विचारलंस तर तो "नाही, काही गरज नाही" म्हणून मोकळा होईल. ते उत्तर त्याचं नसतं, खोलीचं असतं. "आता थोडे खासगी प्रश्न आहेत, त्याच्याशी एकट्याशी बोलते," असं मोठ्यांनाच सरळ सांग. बहुतेक जण उठतात. नाहीच उठले तर हेडफोन लावायला सांग आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचार. लग्न न ठरलेल्या मुलीची आई "हे कळलं तर स्थळं येतील का?" म्हणेल, तिला उपदेश नको, काय गुप्त राहतं ते सांग. पेशंट अठरा वर्षांखालचा असेल तर २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासण्याच्या नियमांप्रमाणे मोठं माणूस सोबत लागतंच. मग निदान कोण बसणार हे त्यालाच निवडू दे.

संमतीचे कागद आधी पाठवशील, पण ते नुसते सही करायला पाठवू नकोस. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे, पेशंट दगावला तर गोठवलेल्या स्त्रीबीजांचं किंवा वीर्याचं काय करायचं, हे लेखी घ्यावं लागतं. बावीस वर्षांच्या माणसाला हे विचारताना तुझी जीभ अडखळेल, अडखळू दे. पण टाळू नकोस. केमोआधी जर्मनीत वीर्य गोठवलेल्या एका तरुणाच्या मृत्यूनंतर, २०१८ मध्ये पुण्यात त्याच्या आईला जुळी नातवंडं झाली. वापराचा हक्क कुणाला, हे त्याने आधी लिहून ठेवलं होतं. आता कायदा वेगळा आहे, तेव्हा ही गोष्ट आश्वासन म्हणून सांगू नकोस.

आणि प्रत्येक फाइलवर दोन मोबाइल नंबर घे, एक घराबाहेरच्या नातेवाइकाचा. साठवणुकीच्या पैशांच्या मेसेजला उत्तर आलं नाही, तर दुसरा मेसेज जाऊ देण्याआधी कॅन्सर हॉस्पिटलात विचारून घे. मगच घरी फोन लाव.

तुझी,
मावशी