आरसीवर 39.5 टन पासिंग आहे, कळंबोलीतून तेवढं स्टील भरता येईल का?

नाही दादा. 39.5 टनांत घोडा (म्हणजे पुढचं इंजिन-केबिनचं वाहन), ट्रेलर, डिझेल, ड्रायव्हर, माल सगळं आलं. आधी रिकामी गाडी वजनकाट्यावर घ्या. पावती 14 टनांची आली, तर मालाला उरले 25.5.

पण एवढ्यावर थांबू नका. माझा जीव अडकतो तो कॉइलमध्ये, म्हणजे स्टीलच्या पत्र्याच्या जड गुंडाळीत. कॉइल फार मागे ठेवली, की एकूण वजन बसूनही ट्रेलरच्या जोड धुरीवर (जवळजवळच्या दोन एक्सलवर) 21 टनांची मर्यादा ओलांडते, आणि घोड्याच्या मागच्या चाकांवरचा भार घटून त्यांची पकड सुटते. पावसात घाट उतरताना तर फारच धोक्याचं. लाकडी गुटके आणि साखळदंड स्वतः हात लावून तपासा.

ओव्हरलोडला दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सुटत नाही.