वाचकांचे प्रश्न : छापलेले पुस्तक घराबाहेर कसे काढावे?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. जांबोटी-कणकुंबी भागातील शाळांत काढलेल्या 31 वर्षांच्या आठवणींचे पुस्तक गेल्या वर्षी स्वखर्चाने छापून घेतले. 500 प्रतींपैकी सुमारे 100 प्रती भेट दिल्या, 50 विकल्या गेल्या आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर आहेत. शिक्षकाने स्वतःचे पुस्तक विकत फिरावे हे मनाला पटत नाही. काय करावे?

उत्तर : गुरुजी, आधी तुमच्या संकोचाविषयी लिहितो, कारण तो दूर झाल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय तुम्ही मनापासून करणार नाही. बेळगावच्या बाजारात आपल्या शेतातले बटाटे घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला आपण याचक समजत नाही. तुम्ही 31 वर्षे जे पाहिले, ते पदरचे पैसे घालून कागदावर आणले आहे. त्याची किंमत सांगण्यात कमीपणा कसला? उलट ज्या 100 प्रती तुम्ही भेट दिल्या, त्यांतल्या किती वाचल्या गेल्या याचा शोध घ्या. भेट मिळालेले पुस्तक लोक आदराने कपाटात ठेवतात आणि पैसे मोजून घेतलेले उघडून पाहतात, असे मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे. म्हणून यापुढे भेट-प्रत फक्त परीक्षण लिहिणाऱ्याला, ग्रंथालयाला आणि पुस्तकासाठी ज्याने खरोखर मदत केली त्याला द्यावी.

आता पुस्तक कोणाला हवे आहे ते पाहू. ‘सर्व मराठी वाचकांना’ हे उत्तर कामाचे नाही. तुमचे पहिले वाचक तुमच्या जुन्या हजेरीपटावर आहेत. कणकुंबीच्या बाजूची मुले चोर्ला घाट उतरून गोव्यात नोकरीला गेली, काही बेळगावात स्थायिक झाली, काही पुण्या-मुंबईला आहेत. त्यांच्या लहानपणीचा पाऊस, गळकी शाळा, ओढ्याला पाणी आल्यावर लागलेली सुट्टी ज्या पुस्तकात आहे, असे दुसरे पुस्तक त्यांना कोण देणार? प्रत्येक गावातला आणि शक्यतो प्रत्येक तुकडीतला एक विद्यार्थी आठवा, त्याला फोन करा आणि त्याच्या गावाचा उल्लेख कोणत्या पानावर आहे तेवढेच सांगा. असे पंधरा-वीस विद्यार्थी मनावर घेतील, तर ते आपापल्या सोबत्यांकडून मागणी गोळा करून देतील. हे काम ओळखीने होते, जाहिरातीने होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून संदेश पाठवायचा असेल, तर मुखपृष्ठाचे छायाचित्र आणि ‘कृपया खरेदी करून सहकार्य करावे’ एवढाच मजकूर पाठवू नका. सहकार्य हा शब्दच वाचकाला ओझ्यासारखा वाटतो. पुस्तकातला अर्ध्या पानाचा एखादा प्रसंग पाठवा आणि शेवटी किंमत, टपालखर्च व पैसे भरण्याचा क्यूआर कोड द्या. एक तांत्रिक गोष्ट ध्यानात असू द्या. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ‘ब्रॉडकास्ट’ यादीत 256 जणांपर्यंत क्रमांक घालता येतात, परंतु ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. अनेक लेखकांना उत्तर येत नाही, आणि लोकांना रस नाही असे समजून ते खचतात. प्रत्यक्षात संदेश गेलेलाच नसतो.

टपालाचा खर्च हा सीमाभागातल्या लेखकाचा नेहमीचा प्रश्न, कारण आपला वाचक राज्याच्या सीमेपलीकडे विखुरलेला आहे. भारतीय टपाल खात्याने 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली असून 300 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला 20 रुपये आणि 5 किलोपर्यंतच्या पाकिटाला 100 रुपये असे दर ठेवले आहेत. त्यावर कर वेगळा. पाकीट जमिनीवरील वाहतुकीने जाते, त्यामुळे वेळ लागतो, पण ते कुठे पोहोचले ते पाहता येते. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव असणे आवश्यक आहे आणि जाहिरातवजा छपाई या सेवेत चालत नाही. तुमचे दीडशे पानांचे पुस्तक 300 ग्रॅमच्या आत बसत असावे. पाकिटासह वजन करून मगच टपालखर्च जाहीर करा. पुढची आवृत्ती काढाल तेव्हा कागद निवडतानाच हे वजन विचारात घ्या.

दुकानांविषयी थोडे कटू लिहावे लागेल. विक्रेते आणि वितरक स्वतःसाठी घेतात ती सूट छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाते. दुकानाचे भाडे, माणसाचा पगार आणि न खपलेल्या पुस्तकांची अडकलेली जागा त्यांना सोसावी लागते, म्हणून ही सूट अन्यायाची म्हणता येणार नाही. मात्र किंमत ठरवतानाच ती धरलेली नसेल, तर प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे लेखक तोट्यात जातो. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या 25 प्रती मी परगावच्या एका विक्रेत्याकडे ‘विकल्यावर पैसे द्या’ एवढ्या तोंडी बोलीवर ठेवल्या होत्या. पावती मागणे मला अविश्वासाचे वाटले. दोन वर्षांनी गेलो तेव्हा दुकान बंद झालेले होते. प्रतीही मिळाल्या नाहीत आणि पैसेही नाहीत. तेव्हापासून प्रतींची संख्या, सूट, हिशेबाची तारीख आणि न खपलेल्या प्रती परत घेण्याची मुदत लिहिलेल्या पावतीवर सही झाल्याशिवाय मी एकही पुस्तक ठेवत नाही. चांगल्या विक्रेत्याला याचा राग येत नाही.

सर्वांत भरवशाची जागा मात्र आपल्या दाराशी आहे, आणि तिचा उपयोग करणारे लेखक मला अजूनही फार थोडे दिसतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून होणारी ग्रामीण साहित्य संमेलने ही सीमाभागाची मोठी मिळकत आहे. ग्रंथदिंडीत सबंध गाव उतरते, शाळकरी मुले लेझीम खेळतात, घरोघरच्या बायका मांडवात येऊन बसतात. अशा संमेलनात मी एकदा दिवसभर पुस्तकांच्या टेबलामागे बसलो होतो. सकाळच्या सत्रात लोक व्यासपीठाकडे पाहतात आणि पुस्तकांवरून नुसती नजर टाकून जातात. खरेदी होते ती जेवणाच्या सुट्टीत आणि त्यानंतर. एक मावशी सकाळी पुस्तक उचलून उभ्याउभ्या पहिले पान वाचून किंमत विचारून गेल्या, जेवणानंतर सुनेला घेऊन आल्या, पुन्हा तेच पान तिला वाचून दाखवले आणि मग पुस्तक घेतले. लेखक दुपारीच टेबल सोडून गेला असता, तर ती प्रत परत गठ्ठ्यात गेली असती. तेव्हा आयोजकांना महिनाभर आधी विचारून जागा घ्या, सुटे पैसे जवळ ठेवा आणि संपेपर्यंत बसा. एक प्रत हाताळण्यासाठी उघडी ठेवा. पुस्तकाबद्दल कोणी विचारले तर आशय सांगू नका, एखादा प्रसंग सांगा. वर्गात ते तुम्ही आयुष्यभर केलेच आहे.

ग्रंथालयांना विसरू नका. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे आहे. अशा संस्थेच्या कपाटात आपल्या मातीतले पुस्तक असणे हा मान तर आहेच, पण एक प्रत तिथे वर्षानुवर्षे हातोहात फिरते हा व्यवहारही आहे. चंदगड, गडहिंग्लज, कागल या लगतच्या तालुक्यांतल्या ग्रंथालयांना स्वतः भेट द्या. महाराष्ट्राचे ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तके मागवते, त्याची सूचना आणि मुदत पाहून तुमचे पुस्तकही पाठवा. यादीत आलेल्या पुस्तकाला ग्रंथालयांकडून मागणी येण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : मी निपाणीची असून माझा पहिला कवितासंग्रह येत्या दिवाळीपर्यंत येईल. समाजमाध्यमांवर प्रसिद्धी करून देण्यासाठी एका संस्थेने पंधरा हजार रुपये मागितले आहेत. द्यावेत का?

उत्तर : ताई, देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हिशेब मांडून पाहा. संग्रहाची किंमत 150 रुपये आणि छपाई, सूट व टपाल वजा जाता तुमच्या हाती प्रतीमागे 50 रुपये राहतात असे धरले, तर पंधरा हजार भरून निघण्यासाठी केवळ त्या प्रसिद्धीमुळे 300 जादा प्रती खपाव्या लागतील. मराठी कवितासंग्रहाच्या बाबतीत ही अपेक्षा धाडसाची आहे. शिवाय अशा प्रसिद्धीत मोजली जाते ती ‘किती जणांनी पाहिले’ ही संख्या. पाहणारा आणि घेणारा यांत मोठे अंतर असते.

तुमच्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ आहे, आणि पहिल्या पुस्तकाच्या लेखकाला ही गोष्ट फार क्वचित लाभते. बहुतेकजण प्रकाशन समारंभानंतर जागे होतात. कविता कानाने पोहोचते, म्हणून आतापासून दर आठवड्याला एक कविता स्वतःच्या आवाजात, दीड-दोन मिनिटांची, ध्वनिमुद्रित करून ठेवा. महिला मंडळ, हळदीकुंकू, महाविद्यालयाचे वाङ्मय मंडळ, गणेशोत्सवातला सांस्कृतिक कार्यक्रम, जिथे दहा माणसे ऐकायला बसतील तिथे वाचा. ऐकून ज्यांचे डोळे भरून येतील त्यांचे नाव आणि फोन क्रमांक, त्यांना विचारून, एका वहीत लिहून घ्या. ही वही तुमच्या पंधरा हजारांपेक्षा मोलाची आहे. छपाईला जाण्यापूर्वी वहीतल्या लोकांना प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करण्याची विनंती करा. किती जणांनी पैसे भरले यावरून 300 प्रती छापायच्या की 500 हेही ठरवता येईल, आणि गुरुजींसारखे गठ्ठे माळ्यावर चढवण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

दैनिकांना आणि मासिकांना परीक्षणासाठी पुस्तक पाठवण्याची रीत दोन प्रतींची आहे. प्रतींबरोबर पानभर स्तुती नको. कवयित्री कोण, कविता कशाविषयी, किंमत किती, पुस्तक कुठे मिळेल, एवढे आठ ओळींत लिहा. ‘साभार पोच’ या मिळालेल्या पुस्तकांच्या यादीत नुसते नाव आले तरी नाराज होऊ नका. मलपृष्ठावरील पाठराखण, म्हणजे शिफारशीचा मजकूर, एखाद्या मोठ्या नावाकडून मिळावी म्हणून सहा महिने थांबणारे कवी मी पाहिले आहेत. माझा सल्ला असा की, त्या जागी तुमचीच सर्वांत चांगली आठ ओळींची कविता छापावी. दुकानात पुस्तक उलटून पाहणाऱ्याला तिच्याइतकी चांगली शिफारस दुसरी मिळणार नाही.

प्रश्न : आयएसबीएन क्रमांक घेण्यासाठी मला एकाने तीन हजार रुपये सांगितले. तो आवश्यक आहे का? पुस्तकावर जीएसटी लागतो का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : आयएसबीएन हा प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र ओळख असलेला तेरा अंकी क्रमांक भारतात केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाखालील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो, स्वतः प्रकाशन करणारा लेखकही अर्ज करू शकतो. कायद्याने तो सक्तीचा नाही, पण ऑनलाइन विक्री आणि ग्रंथालयांची नोंद यांसाठी त्याचा उपयोग होतो, म्हणून अवश्य घ्यावा. अर्ज छपाईच्या पुरेसा आधी करावा. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी शून्य आहे. एक कर्तव्य मात्र बहुतेक लेखक-प्रकाशक विसरतात. 1954 च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. आपले सीमाभागातले पुस्तक पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला सापडेल ते अशाच प्रतीमुळे.

प्रश्न : माझी कादंबरी बेळगावातल्या एका गल्लीतील मराठी आणि कन्नड कुटुंबांवर आहे. कन्नड शेजारी ‘आम्हाला कधी वाचायला मिळणार?’ असे विचारतात. हा केवळ शिष्टाचार समजावा का?

उत्तर : अजिबात समजू नये. ज्या गल्लीत दोन्ही भाषा दिवसभर ऐकू येतात, तिथे वाचकही दोन्ही भाषांचे असतात, आणि आपण लेखक ही गोष्ट प्रसिद्धीच्या वेळी सोडून देतो याचे मला वाईट वाटते. प्रकाशकाशी केलेला करार प्रथम काढून वाचा. अनुवादाचा हक्क तुम्ही लेखी दिलेला नसेल, तर तो तुमच्याकडेच आहे. दिला असेल आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षांची धरली जाते. सबंध कादंबरीच्या अनुवादाची वाट न पाहता एका प्रकरणाचा कन्नड अनुवाद जाणकाराकडून करून घ्या, त्याला त्याचे मानधन द्या आणि त्याचे नाव ठळकपणे छापा. ज्या शेजाऱ्यांनी विचारले त्यांना तो कागद घरी नेऊन द्या, आठ दिवसांनी पुन्हा जा आणि कादंबरीतल्या कन्नड पात्रांची बोली बरोबर उतरली आहे का ते विचारा. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या घेऊनच ते प्रकरण कन्नड प्रकाशकाकडे पाठवा.