तुझ्या शब्दसूचीच्या निमित्ताने

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली शब्दसूची मी दोनदा वाचली, पहिल्यांदा कुतूहलाने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. यूजनेटवर, म्हणजे संगणकांवरून चालणाऱ्या चर्चागटांच्या त्या जुन्या जाळ्यावर, रुळलेले साठ-पासष्ट शब्द तू अकारविल्हे लावले आहेस आणि त्यांतला एकही अर्थ चुकलेला नाही. तरीही ही सूची वाचणाऱ्याला ती सगळी मंडळी विक्षिप्त वाटतील, अशी मला भीती आहे. संदेशाखालच्या सहीच्या ओळी मोजणारी आणि उत्तर वर लिहावे की खाली यावरून हमरीतुमरीवर येणारी ही माणसे होती तरी कोण, असे तो विचारील. पोस्टकार्डावर ‘सा. न. वि. वि.’ का लिहीत, हे ज्याने पोस्टकार्ड हाताळले आहे त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याने हाताळलेले नाही त्याला त्या अक्षरांचा नुसता विस्तार सांगून काहीच उमगत नाही. म्हणून प्रत्येक शब्दापाशी थांबून तिथे कशाची टंचाई होती ते आधी शोध आणि अर्थ मग लिही.

सुरुवात पैशापासून कर. यूजनेटची कल्पना १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविन याने तिची पहिली आज्ञावली लिहिली. या योजनेत मध्यवर्ती यंत्र असे नव्हतेच. एक संगणक दुसऱ्याला टेलिफोन लावी, साठलेले संदेश त्याच्या हवाली करी, मग तो तिसऱ्याला फोन लावी. फोनचे बिल ज्या त्या संस्थेच्या माथी पडत असल्याने हे दळणवळण पुष्कळदा रात्री, दर उतरल्यावर चाले. पुढे लॅरी वॉलच्या ‘आरएन’ या वाचक-आज्ञावलीबरोबर संदेश टाकण्याची जी सोय येई, ती प्रत्येक वेळी बजावत असे की हा मजकूर सगळ्या सुसंस्कृत जगातल्या हजारो यंत्रांवर जाणार आहे, त्यापायी शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च होणार आहेत, तेव्हा आपण काय करीत आहोत हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे ना? त्या प्रश्नाला ‘होय’ म्हणताना माझे बोट पहिल्या वेळी खरोखरच अडखळले होते. तो आकडा काटेकोर हिशेबाचा नव्हता, धाक घालण्यासाठी होता, हे नंतर कळले. पण तारेत शब्द मोजून लिहिणाऱ्या घरात मी वाढलो होतो, त्यामुळे मला तो लगेच पटला.

हे ध्यानात घेतले म्हणजे अवतरणाचे नियम आपोआप उलगडतात. उत्तर देताना मूळ संदेशातली हवी तेवढीच वाक्ये ठेवावीत, प्रत्येक ओळीपुढे कोनाकृती खूण द्यावी, वर ‘अमुक लिहितो’ अशी ओळ असावी आणि आपले म्हणणे त्याखाली मांडावे, अशी रीत होती. तू तिला ‘शिष्टाचार’ म्हटले आहेस. ती शिष्टाचार नंतर झाली. संदेश वेगवेगळ्या वाटांनी फिरत फिरत येत असल्यामुळे कित्येकदा उत्तर आधी पोहोचे आणि प्रश्न दोन दिवसांनी येई, कधी तर तो येतच नसे. अशा वाचकाला आधी प्रश्नाचा तुकडा दाखवल्याशिवाय उत्तराचा अर्थ लागणार कसा? मात्र सगळाच्या सगळा मूळ मजकूर उचलून खाली ‘मीही सहमत’ एवढेच लिहिणारे इतके माजले की संदेश स्वीकारणाऱ्या आज्ञावलीतच बंधन घालावे लागले: उद्धृत ओळी नव्या ओळींपेक्षा जास्त भरल्या तर संदेश परत फिरे. त्यावरही लोकांनी तोड काढली. ते संदेशाच्या तळाशी निरर्थक ओळी भरून संख्या जुळवत आणि त्यांना ‘फॉडर’, म्हणजे वैरण, म्हणत. तो इंग्रजी शब्द तुझ्या सूचीत नाही, तो अवश्य घे. नियम आणि पळवाट शेजारी शेजारी दिसली की तिथे खरी माणसे वावरत होती हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

पडद्याची टंचाई थोडक्यात सांगितलीस तरी चालेल. ऐंशी अक्षरे रुंद आणि चोवीस ओळी उंच, एवढाच तो पडदा. म्हणून सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी, हा दंडक ‘मॅक्वारी मर्यादा’ या नावाने ओळखला जाई. ओळ बहात्तर अक्षरांच्या आसपास मोडावी, कारण प्रत्येक उद्धरणाबरोबर पुढे एकेक खूण वाढत जाते आणि तीन-चार फेऱ्यांनंतर ओळ कडेपार जाऊन फाटते.

‘एफएक्यू’ या नोंदीपाशी मात्र तू फार घाई केलीस. ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ हे भाषांतर आता बँकेच्या माहितीपत्रकातही असते. हा शब्द १९८० च्या दशकाच्या आरंभी नासाच्या अवकाशविषयक ई-टपालयादीत यूजीन मिया याने रुळवला आणि त्यामागचे कारण साठवणुकीच्या जागेचे होते. तबकड्या लहान असल्याने जुने संदेश थोड्या आठवड्यांत, कधी थोड्या दिवसांतच पुसले जात. परिणामी प्रत्येक नवा माणूस तेच प्रश्न घेऊन येई आणि जुन्यांना तीच उत्तरे पुन्हा लिहावी लागत. म्हणून कोणीतरी उत्तरे एकत्र करून ठरावीक दिवसांनी ती पुन्हा टाकण्याचे काम अंगावर घेई. हे काम बिनपगारी, किचकट आणि फारसे आभार न मिळणारे होते. १९९१ च्या हिवाळ्यात, अमेरिकेत शिकायला जाऊन काहीच महिने झाले असताना, मी एका गटात छपाईच्या टंकाविषयी असाच एक शिळा प्रश्न विचारला. सकाळी पाहतो तो चार अक्षरांची एक फटकार, म्हणजे ‘आधी माहितीपुस्तिका वाच’ या अर्थाचा एक असभ्य संक्षेप, तीन जणांनी जाहीरपणे पाठवला होता. चौथ्या अनोळखी गृहस्थाने मात्र ती प्रश्नावली कुठे मिळेल ते मला खासगी ई-टपालाने कळवले. शिव्या गटात आणि मदत खासगीत, हे त्या जगाचे बरेच खरे चित्र आहे. उलट बाजूची एक सुंदर रीत तुझ्याकडून राहिली आहे. विचारणारा आधीच सांगे की उत्तरे मला टपालाने पाठवा, मी सारांश करून गटात टाकीन. आणि चांगला माणूस तो शब्द पाळी.

‘फ्लेम’ (रागाचा जाहीर भडका), ‘किलफाइल’ आणि ‘प्लाँक’ या तीन नोंदी एकत्र कर. बहुसंख्य गटांत कोणी नियामक नव्हता, कोणाला बाहेर काढण्याची सोय नव्हती आणि चेहरा दिसत नसल्याने साधे वाक्यही टोमणा वाटे. अशा वेळी उपाय वाचकाच्याच हातात होता. नको असलेल्याचे नाव स्वतःच्या किलफाइलीत घालायचे, की आपल्यापुरता तो माणूस नाहीसा. ‘प्लाँक’ हा तो माणूस किलफाइलीच्या तळाशी आपटल्याचा आवाज. गंमत अशी की वाळीत टाकणारे हा आवाज भर गटात ऐकवल्याशिवाय राहत नसत.

हसऱ्या चेहऱ्याच्या :-) या खुणेबाबत एक दुरुस्ती आहे. स्कॉट फालमनने १९ सप्टेंबर १९८२ रोजी ती सुचवली हे खरे, पण यूजनेटवर नव्हे, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत संगणकी सूचनाफलकावर. तिथून ती बाहेर पसरली. रॉट-१३ ला ‘गुप्तलिपी’ म्हणू नकोस. प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवण्याने काहीच गुप्त राहत नाही. तो अचकट विनोदावर किंवा कथेच्या शेवटावर टाकलेला पडदा होता, आणि पडदा सरकवणाऱ्याने नंतर कुरकुर करायची नाही, असा त्यात करार होता.

‘सप्टेंबर’ ही नोंद मला सर्वांत आवडली. दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ घालत, रागावून घेत आणि निवळत. १९९४ च्या वसंतात अमेरिका ऑनलाइन या घरोघरी जोडणी विकणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना यूजनेटचे दार उघडून दिले आणि नव्यांचा लोंढा जुन्यांना आवरेना. १९९३ चा सप्टेंबर संपलाच नाही, ही म्हण साधारण त्याच सुमाराची. त्याच एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत टाकली. येथे ‘क्रॉसपोस्ट’ समजावून सांग: एकच संदेश अनेक गटांच्या नावे पाठवला तर यंत्रावर त्याची एकच प्रत राही आणि वाचकाला तो एकदाच दिसे, त्या वकिलांनी प्रत्येक गटात वेगळी प्रत टाकली. संताप जाहिरातीइतकाच या हजारो प्रतींचा होता. पण जुन्यांच्या गळ्यात गळा घालून तूही रडू नकोस. ‘नवखा’ या शब्दात तुच्छता होती, आणि ज्यांचे बिल विद्यापीठ भरीत होते त्यांनी पदरचे पैसे देऊन येणाऱ्यांना हसावे, हे मला तेव्हाही रुचले नव्हते.

आपल्या भाषेचा तेथे एक कोपरा होता, भारतीय संस्कृतीविषयक गटांतला मराठीचा गट. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमाकडून १५ ऑगस्ट १९९५ रोजी, त्यामुळे सुरुवातीला लिहिणारे बहुतेक परदेशस्थच. देवनागरीची सोय नव्हती. रोमन लिपीत लिहिताना आयट्रान्स या लिप्यंतराच्या पद्धतीने मोठा ‘एल’ म्हणजे ‘ळ’ आणि मोठा ‘एन’ म्हणजे ‘ण’. ज्याला हे ठाऊक नसे त्याचे मराठी बोबडे दिसे. यावर स्वतंत्र परिच्छेद लिही. हे काम तुझ्याइतके जवळून दुसरे कोणी करणार नाही.

उदाहरणे घेताना नावे गाळ. हे सगळे थोड्या दिवसांत पुसले जाणार, अशा समजुतीने लोकांनी लिहिले होते. १९९५ मध्ये देजा न्यूज या संकेतस्थळाने संदेश साठवून शोधाची सोय केली, २००१ मध्ये तो साठा गूगलने घेतला, आणि कोणी विशीत रागाच्या भरात लिहिलेले वाक्य कायमचे त्याच्या नावावर राहिले. त्यांना तू पुन्हा चव्हाट्यावर आणू नकोस.

पुढचा मसुदा सवडीने पाठव. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

ता. क. : सहीच्या आधी येणारी खूण तू ‘दोन आडव्या रेघा’ अशी दिली आहेस. ती दोन रेघा आणि त्यांच्यापुढे एक मोकळी जागा अशी आहे. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, पण सही कुठून सुरू होते हे आज्ञावलीला तिच्यावरूनच कळे. तुझ्या सूचीत टंकताना ती गळाली आहे, तेवढी घाल.